सुटणारा गिअर आणि कोल्हापूरचे मिस्त्री

पन्हाळ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढत असलेली जुनी मोटारसायकल एकाएकी मोकळी पडते. इंजिनाचा आवाज चढतो, चाकाचा जोर नाहीसा होतो आणि गाडी चढावरच रेंगाळते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीपुढे मांडली जाणारी तक्रार दोनच शब्दांची असते: गिअर सुटतोय.

या दोन शब्दांमागे बर्मिंगहॅमची कारखानदारी आहे, दुसऱ्या महायुद्धाचा लिलावी माल आहे, स्वतंत्र भारताचे आयात-धोरण आहे आणि कोल्हापूरचे उद्यमनगर कसे घडले याचा एक दुर्लक्षित धागाही आहे. आज तोच धागा उलगडू.

प्रथम यंत्राचे समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास एका छोट्या पोलादी तुकड्याच्या कडेवर उभा आहे.

गिअर सुटतो म्हणजे गिअरचे दात झिजले, असा सर्वसाधारण समज असतो. बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. मोटारसायकलच्या पेटीत गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्याच असतात. आपण पायाने दांडा दाबतो तेव्हा दात दातांत जात नाहीत. शाफ्टवर मोकळा फिरणारा एक गिअर आणि शाफ्टबरोबर फिरणारा दुसरा गिअर यांची गाठ घालून दिली जाते. ही गाठ घालणारे ठोकळे गिअरच्या दातांवर नसून त्याच्या बाजूच्या अंगावर, चकतीतून उगवलेल्या खुंटांसारखे उभे असतात. पकडून धरणाऱ्या तुकड्याला डॉग म्हणण्याची इंग्रजी कारागिरांची पद्धत जुनी आहे. तोच शब्द आपल्याकडच्या मिस्त्रींनी जसाच्या तसा उचलला. एका गिअरचे डॉग दुसऱ्याच्या डॉगांमध्ये किंवा खाचांमध्ये शिरले की गिअर पडला. ते बाहेर आले की सुटला.

ते आपोआप बाहेर का येतात? दोन डॉग जेथे एकमेकांना टेकतात तो पृष्ठभाग शाफ्टला समांतर असेल, तर ओढीचा सगळा जोर फिरवण्यात खर्च होतो. वर्षानुवर्षे घाईने, अर्धवट क्लच दाबून गिअर टाकले गेले की डॉगाची कड गोलावते आणि पृष्ठभाग तिरका होतो. मग त्याच जोराचा एक अंश दोन्ही गिअरना एकमेकांपासून दूर ढकलू लागतो. काही काळ घर्षण त्यांना धरून ठेवते. तेलाने माखलेल्या पोलादाचा घर्षणांक साधारण ०.१ धरला, तर ही सहनशीलता सुमारे सहा अंशांच्या तिरकेपणापर्यंत टिकते. त्यापुढे पकड केवळ एका लहान स्प्रिंगच्या भरवशावर उरते. ही स्प्रिंग एका खुंटीला खाचेत दाबून धरते आणि गिअर आपल्या जागी राहतो.

येथे एक मौज आहे. स्प्रिंगचा दाब ठरलेला असतो. दूर ढकलणारा जोर मात्र ओढीबरोबर वाढतो. म्हणून सपाट रस्त्यावर नीट चालणारी गाडी चढावरच दगा देते. आणि म्हणूनच नवी, कडक स्प्रिंग टाकली की काही दिवस रोग बरा झाल्यासारखा वाटतो. स्वस्तातली ही दुरुस्ती जगभर केली जाते आणि जगभर फसते. पेटीत ग्रीस जास्त भरून आवाज दडवण्याचीही अशीच एक पद्धत आहे. ग्रीसने आवाज मऊ होतो, डॉगाचा कोन आहे तसाच राहतो.

अनुभवी मिस्त्री पेटी उघडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारतो. कोणत्या गिअरमध्ये सुटतो? आणि ओढताना सुटतो की सोडताना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘एकाच गिअरमध्ये’ असे आले, तर संशय त्या जोडीच्या डॉगांवर जातो. ‘सगळ्याच गिअरमध्ये’ असे आले, तर स्प्रिंग, खुंटी, गिअर सरकवणारा फोर्क, झिजलेले बुश किंवा शाफ्टची आडवी हालचाल पाहावी लागते. दुसरा प्रश्न अधिक मार्मिक आहे. प्रत्येक डॉगाला दोन अंगे असतात. इंजिन चाकाला ओढते तेव्हा एक अंग टेकते. थ्रॉटल सोडल्यावर चाक इंजिनाला ओढू लागते, तेव्हा दुसरे. पन्हाळ्याचा चढ पहिल्या अंगाची परीक्षा घेतो. गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात उतरताना दुसऱ्या अंगाची परीक्षा होते आणि ती जास्त जीवघेणी असते. उतारावर गिअर सुटला की इंजिनाचा रोध क्षणात जातो आणि सारा भार जुन्या ड्रम ब्रेकवर येतो. तापलेले ड्रम ब्रेक वळणावर किती साथ देतात, हे त्या काळात घाट उतरलेल्या कोणालाही विचारावे.

आता या पेट्या आल्या कोठून, ते पाहू.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बहुतेक ब्रिटिश मोटारसायकल कंपन्या गिअरची पेटी स्वतः बनवत नसत. इंजिन एका कारखान्याचे आणि पेटी दुसऱ्याची, हा सर्वमान्य रिवाज होता. नॉटिंगहॅमची स्टर्मी-आर्चर आणि बर्मिंगहॅमच्या बर्मन व अल्बियन या त्या धंद्यातील मोठ्या कंपन्या. सुरुवातीला गिअर हाताने, टाकीच्या बाजूच्या दांड्याने टाकला जाई. १९२८च्या सुमारास व्हेलोसेट कंपनीने पायाने चालणारी अशी रचना आणली की दांडा एकदा दाबला की एकच गिअर बदलावा आणि दांडा पुन्हा मध्यावर यावा. हॅरॉल्ड विलिस या अभियंत्याचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. आज जगातील जवळपास प्रत्येक मोटारसायकलमध्ये हेच तत्त्व आहे. सोय मोठी झाली. पण पायाचा जोर हातापेक्षा जास्त आणि पायाची जाण कमी. चालकाला दांड्यावर पाऊल टेकवून बसण्याची सवय लागली, तर तो न कळत फोर्कवर सतत दाब देत राहतो. सरकत्या गिअरच्या खाचेत फोर्क घासत राहतो, तापून निळसर पडतो, पातळ होतो. मग डॉग पूर्ण खोल शिरत नाहीत आणि टोकावरच झिजतात. पेटी उघडल्यावर निळा पडलेला फोर्क दिसला, तर त्या गाडीच्या मालकाची बसण्याची पद्धत न सांगता कळते.

रॉयल एन्फिल्डची बुलेट भारतात रुजली ती लष्करामुळे. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात भारत सरकारने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या बुलेटची मोठी मागणी नोंदवली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. आधी इंग्लंडहून आलेले भाग जोडून गाड्या तयार होत. पुढे सारे भाग मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बनू लागले. या गाडीबरोबर अल्बियनची चार गिअरची पेटीही भारतात आली आणि मूळ इंग्रजी कारखाने बंद पडल्यानंतरही दशकानुदशके येथे बनत राहिली. उजव्या पायाने गिअर, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली, आणि शेजारी टाचेने दाबायचा एक छोटा दांडा, ज्याने गाडी थेट न्यूट्रलमध्ये येते. जुनी बुलेट चालवलेल्या पिढीच्या पायांना हे सारे अजून पाठ आहे. या पेटीत दोन गिअरच्या मधेच अडकण्याचा, म्हणजे फसव्या न्यूट्रलचा, दोषही प्रसिद्ध आहे. तो आणि गिअर सुटणे हे दोन वेगळे रोग आहेत. पहिला पुष्कळदा बाहेरच्या झाकणाखालची एक पट्टी थोडी सरकवून बरा होतो. दुसऱ्यासाठी पेटीच खोलावी लागते. दोहोंची गल्लत करून चांगल्या पेट्या विनाकारण उघडल्या गेल्याची उदाहरणे थोडी नसावीत.

बुलेटचे मालक एका अर्थी सुदैवी होते, कारण त्यांचे सुटे भाग देशातच बनत होते. खरी अडचण होती ती इतरांची.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी मोटारसायकली प्रचंड संख्येने बनल्या. एकट्या बीएसएने एम-२० या नमुन्याच्या सुमारे सव्वा लाख गाड्या दिल्या. नॉर्टनची १६-एचही तशीच सर्वत्र पसरली. युद्ध संपल्यावर यांतील बऱ्याच गाड्या लष्करी लिलावांतून नागरिकांच्या हाती आल्या. त्यांच्या जोडीला एरियल, मॅचलेस, ट्रायम्फ अशा संस्थानी व सुखवस्तू घरांनी पूर्वीच आणलेल्या गाड्या होत्या. १९४७च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यानंतर परदेशी माल परवान्याशिवाय येईना. १९५३ मध्ये सरकारने नुसती जोडणी करणाऱ्या मोटार कंपन्यांना देशी उत्पादनाची अट घातली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ पर्यंत येथील जोडणी आटोपती घेतली. १९५७च्या सुमारास परकीय चलनाची चणचण आली आणि परवाने आणखी आवळले गेले. दूरच्या गावी बसलेल्या एखाद्या एम-२० च्या मालकासाठी बर्मिंगहॅमचा गिअर आता चंद्रावर असल्यासारखाच होता. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी खुद्द बीएसएचाच डोलारा कोसळला.

तोवर नव्या देशी गाड्या आल्या होत्या. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावाने चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रावर जावा बनवायला घेतली. हीच पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत ही पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली होती. कोल्हापूरकरांनी येथे क्षणभर थांबावे. १९४३ ते १९४८ या काळात शहराच्या वेशीवर वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ती उठल्यावर दीड दशकाच्या आत पोलिश आराखड्याची मोटारसायकल त्याच परिसरातल्या दूधवाल्यांच्या आणि ऊसकऱ्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही. इतिहासात असे निव्वळ योगायोगही असतात आणि त्यांना सिद्धांताचे शेपूट लावू नये.

तर प्रश्न असा की भाग मिळत नव्हते, तरी या गाड्या कोल्हापुरात चालत कशा राहिल्या? उत्तर मोटारसायकलीत नाही, उसात आहे.

१८९१ मध्ये कोल्हापूर मिरजेशी रेल्वेने जोडले गेले. राजर्षी शाहूंच्या राजवटीत शाहूपुरीची गुळाची पेठ वाढली, १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली, राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. हा भाग पाठ्यपुस्तकांत असतोच. पाठ्यपुस्तकांत नसतो तो पुढचा दुवा. पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठी पाणी उपसायला आणि गुऱ्हाळावर चरक फिरवायला परदेशी ऑइल इंजिने आली. गुऱ्हाळ चालू असताना इंजिन बंद पडले, तर तोडलेला ऊस वाळतो आणि रस आंबतो. शेतकऱ्याला विलायतेहून पिस्टन येईपर्यंत तीन महिने थांबणे शक्यच नव्हते. त्याला दोन दिवसांत इंजिन चालू हवे होते. या घाईतून दुरुस्तीची दुकाने निघाली, दुकानांतून सुटे भाग ओतणाऱ्या भट्ट्या निघाल्या आणि पुढे त्याच भट्ट्यांनी पूर्ण इंजिने बनवली. कोल्हापूरच्या ओतकाम-उद्योगाचा आरंभ सांगताना म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार आणि राम मेनन ही तीन नावे घेतली जातात. शिवाजी उद्यमनगर ही त्या परंपरेची वस्ती, वाय. पी. पोवारांच्या नावाचे नगर तिच्या लगत आजही आहे. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींतून वाहन-कंपन्यांना जाणाऱ्या ओतीव भागांचे मूळ शोधत गेले, तर ते गुऱ्हाळावरच्या बंद पडलेल्या इंजिनापाशी पोहोचते.

आणि ही वृत्ती इंजिनापुरती मर्यादित नव्हती. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी चित्रपटाचा कॅमेरा घरीच घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने तो पुरा केला. १९२० मध्ये पडद्यावर आलेला ‘सैरंध्री’ या खटपटीतून जन्मला. चलचित्राचा कॅमेरा आतून पाहिला तर तो गिअरपेटीचा सख्खा भाऊ आहे: दातांनी फिल्म धरायची, नेमकी एक चौकट पुढे न्यायची, सोडायची, पुन्हा धरायची. धरण्या-सोडण्यात केसभर चूक झाली की चित्र थरथरते. ज्या गावाने १९१८च्या सुमारास हे साधले, त्या गावाला पुढे नॉर्टनचा डॉग अवघड वाटला नाही, यात नवल नाही.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू. सुटणाऱ्या गिअरवर उपाय तीन आणि तिन्हींत काहीतरी गमवावे लागते.

पहिला उपाय डॉग ‘भरून घेण्याचा’. झिजलेल्या कडेवर गॅस वेल्डिंगने धातू चढवायचा आणि कानशीने किंवा ग्राइंडरवर मूळ आकार आणायचा. लवकर होतो, स्वस्त पडतो. पण गिअर वरून कठीण आणि आतून चिवट असा बनवलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने वरचा कठीणपणा उतरतो आणि भरलेल्या जागेच्या मुळाशी चीर पडण्याचा धोका राहतो. तुटलेला डॉग पेटीत फिरला, तर बाकीचे गिअरही घेऊन जातो.

दुसरा उपाय नाजूक आहे. धातू चढवायचा नाही, उलट थोडा काढायचा. डॉगाचे टेकणारे अंग सरळ न ठेवता मुळाकडे किंचित आत झुकेल असे घासायचे. यालाच अंडरकट म्हणतात. आता ओढीचा जोर दोन्ही गिअरना दूर ढकलत नाही, एकमेकांत ओढून घेतो. म्हणजे ज्या जोराने गिअर सुटत होता तोच त्याला धरून ठेवतो. कल्पना देखणी आहे, मोजमाप निर्दय. डॉग सहा मिलिमीटर उंच असेल आणि तीन अंशांचा उतार द्यायचा असेल, तर मुळाशी जेमतेम ०.३ मिलिमीटर धातू निघतो. कठीण केलेला थर बहुधा अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा. त्यात झिजेने आधीच काही खाल्लेले असते. हात थोडा जास्त चालला की आतला मऊ गाभा उघडा पडतो आणि दुरुस्त केलेला गिअर जुन्यापेक्षा लवकर जातो. शिवाय एका गिअरचे सर्व डॉग एकाच वेळी टेकले पाहिजेत. एखादा पाच शतांश मिलिमीटरनेही पुढे राहिला, तर सगळा भार तो एकटाच उचलतो. मिस्त्री डॉगांना निळा रंग लावून दोन्ही गिअर जुळवतो आणि रंग कोठे उठला ते पाहतो. सगळीकडे सारखा उठेपर्यंत हेच चालते. अंडरकट कितीही उत्तम झाला, तरी फोर्क वाकडा असेल, बुश सैल असतील किंवा शाफ्ट आडवा सरकत असेल, तर गिअर पुन्हा सुटतो. म्हणून शेवटी शिम टाकून शाफ्टची हालचाल बेतात आणली जाते. फार घट्ट केली, तर पेटी तापून जाम होते.

तिसरा उपाय म्हणजे नवा गिअर बनवणे. कोल्हापूरचे वेगळेपण येथे दिसते. उद्यमनगरच्या जॉबवर्कच्या पद्धतीत एकच कारखाना सगळे करत नाही. एका ठिकाणी पोलादाचा तुकडा लेथवर कातला जातो, दुसरीकडे दात पाडले जातात, तिसरीकडे भट्टीत कठीण होतो, चौथीकडे ग्राइंड होतो. लोहार कोयत्याला पाणी देतो, तीच संज्ञा कठीण करण्याच्या या कामालाही चिकटून राहिली. चार दारांतून फिरून तुकडा गिअर होतो आणि प्रत्येक दारात बसलेल्याने आपल्या पुरताच निर्णय घेतलेला असतो.

या कामात एक अदृश्य अडसर होता, तो मापांचा. ब्रिटिश गिअर इंचांच्या हिशेबात, डायमेट्रल पिच या मापाने कातलेले. भारताने १९५६च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली आणि १९६०च्या दशकात कारखान्यांतली हत्यारे हळूहळू मिलिमीटरची, म्हणजे मॉड्यूलची झाली. दहा डायमेट्रल पिचचा गिअर मॉड्यूलमध्ये मांडला तर २.५४ येतो. बाजारात मिळणारा कटर २.५ चा. फरक किरकोळ वाटतो. पण प्रत्येक दातामागे तो सुमारे सव्वा दशांश मिलिमीटर भरतो. असा गिअर बसतो, फिरतो आणि आयुष्यभर रडतो. आटे पाडतानाही तेच. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींत इंचाला २६ आट्यांचे सायकल-थ्रेड सर्रास असत. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे किंवा मिलिमीटरच्या लेथवर इंचाचे आटे पाडायचे, तर १२७ दातांचे एक चाक लागते, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७. एखाद्या जुन्या लेथच्या कपाटात हे विचित्र संख्येचे चाक सापडले, तर त्या दुकानाने दोन मापपद्धतींच्या सीमेवर काम केले, असे समजायला हरकत नाही. वजनमापांच्या सुधारणेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती कारागिराच्या बाकावर कशी उतरली, यावर जवळजवळ काहीच नाही.

येथून इतिहासाच्या अभ्यासकाचा खरा प्रश्न सुरू होतो. मिस्त्रींनी लिहून ठेवले नाही. संस्थानचे दप्तर आहे, पण त्यात दरबारची खरेदी सापडते. झिजलेला बुश कोणी कसा बसवला ते सापडत नाही. कोल्हापूरच्या उद्योगाचा रूढ इतिहास म्हणूनच राजाश्रय आणि चार-दोन थोर संस्थापक यांच्याभोवती फिरतो. त्यांचे मोठेपण वादातीत आहे. पण शेकडो हातांनी केलेल्या कामाचा पुरावा कागदावर नसेल, तर तो कोठे शोधायचा?

तो त्या पेटीतच असतो. अनेकदा दुरुस्त झालेली गिअरपेटी ही थरांनी साचलेली वस्तू असते. मूळ कारखान्याचा ठसा असलेला एक गिअर, शेजारी ठसा नसलेला आणि हत्याराच्या खुणा स्पष्ट दिसणारा दुसरा, पितळेने जोडलेला फोर्क, कापलेल्या पत्र्याची शिम, इंची आट्यावर बसवलेला मिलिमीटरचा बोल्ट. डॉगाच्या कोणत्या अंगाची झीज जास्त, यावरून गाडी कशी चालवली गेली ते कळते. गिअरचे दात मॉड्यूलचे आहेत की डायमेट्रल पिचचे, यावरून तो कोणत्या पिढीच्या हत्यारावर बनला याचा अंदाज बांधता येतो. पुराभिलेखात कागदाचा पोत, शाई आणि अक्षराचे वळण पाहतात, त्याच शिस्तीने हे पाहता येते.

आणि हा पुरावा आज झपाट्याने नाहीसा होत आहे, तोही गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांच्याच हातून. जुन्या मोटारसायकलींची हौस वाढली, परदेशात पुन्हा बनलेले भाग घरपोच मिळू लागले. बीएसएचा संपूर्ण गिअरसंच नवा येतो, पेटी रेशमासारखी चालते, प्रदर्शनात गाडी ‘मूळ स्वरूपात’ म्हणून उभी राहते. स्थानिक गिअर, भरलेला डॉग, हाताने घासलेला फोर्क हे सारे भंगाराच्या वजनावर जाते. ‘मूळ’ म्हणजे कारखान्यातून निघाली त्या दिवसाची गाडी, असा अर्थ येथे न विचारता गृहीत धरलेला असतो. पण १९४२ मध्ये बनलेली आणि त्यानंतर कित्येक दशके महाराष्ट्रात चाललेली गाडी काही वर्षे ब्रिटिश होती आणि बाकीचे आयुष्य येथलीच. तिच्या पेटीतले देशी भाग ही तिच्यातली भेसळ मानायची की तिचे चरित्र, हा प्रश्न हौशी संग्राहकांनी अजून गंभीरपणे घेतलेला नाही.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. करूळ घाटात गिअर सुटणारी गाडी पुरावा म्हणून तशीच ठेवा, असा सल्ला कोणी शहाणा देणार नाही. चालणाऱ्या गाडीत सुरक्षित गिअरच हवा. वाद बदलण्याविषयी नाही, बदललेल्या भागाचे पुढे काय होते याविषयी आहे. वास्तूंच्या जतनात काढलेला दगड मोजून, छायाचित्र घेऊन, क्रमांक टाकून ठेवतात. गिअरला याहून कमी जागा लागते: तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत चिठ्ठी, गाडीचा चेसिस क्रमांक, कोणत्या गिअरची जोडी, काढल्याची तारीख, आणि तो पूर्वी कोणी बनवला हे मालकाच्या घरात कोणाला आठवत असेल, तर तेही.

ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांनी पेटी उघडली जाईल त्या दिवशी दुकानात जाऊन बसावे. डॉगाच्या दोन्ही अंगांचे जवळून छायाचित्र घ्यावे, दातांची संख्या मोजावी, ठसा असल्यास उतरवून घ्यावा. मग मिस्त्रीला विचारावे की हे काम त्याने कोणाकडे शिकले, आणि त्या उस्तादाने कोणाकडे. कोल्हापुरात या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दोन-तीन पिढ्या मागे जाते आणि एखाद्या ऑइल इंजिनाच्या दुकानापाशी थांबते. ते नाव त्याच दिवशी वहीत उतरवून घ्यावे.